जंगल कुणी जाळलं, गोष्ट कुणी सांगितली

(वनहक्क समित्यांच्या शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका आजोबांनी विचारलं, "दाव्याच्या कामात गोष्टी कशाला? साहेब कागद मागतो, गोष्ट कुठे मागतो?" प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर देताना साहेबापासून नको, महाभारतापासून सुरुवात करू. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय.

यमुनेच्या बाजूला खांडववन होतं. वाटणीत पांडवांना हाच मुलूख मिळाला. मग अग्नी ब्राह्मणाच्या रूपात आला नि कृष्ण-अर्जुनाला म्हणाला, मला भूक लागली, हे वन खायचंय. एका राजाच्या यज्ञांतलं तूप खाऊन खाऊन त्याला अजीर्ण झालं होतं म्हणे! आणि औषध काय, तर जंगलातले जीव. वन पेटलं. दोघं दोन बाजूंना रथ घेऊन उभे, जो बाहेर पळेल त्याला मारायचं. पशू, पक्षी, नाग, कुणाला सोडलं नाही. वाचले फक्त सहा: तक्षक नागाचा मुलगा, मय आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिल्लं. तक्षक त्या दिवशी घरी नव्हता.

पुण्याच्या इरावतीबाई कर्वे मानववंशाच्या अभ्यासक. 'युगान्त' या पुस्तकात त्यांनी ही गोष्ट वेगळी वाचली. देवाची भूक बाजूला ठेवली नि जमीन कुणाला मिळाली ते पाहिलं. वस्ती नि शेतीसाठी रान मोकळं करायचं होतं, आणि नाग म्हणजे तिथे राहणारी माणसं असावीत, असं त्यांनी मांडलं. हे अभ्यासकाचं वाचन आहे, डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. ते नाग म्हणजे आपलेच पूर्वज, असं आम्ही म्हणणार नाही. पण प्रश्न कसा विचारायचा ते यातून शिकता येतं.

आता पुढचं बघा. महाभारत सांगितलं कुठे? जनमेजय राजाच्या यज्ञात. आणि तो यज्ञ कशाचा, तर नागांना आगीत टाकण्याचा! नागीण आईचा मुलगा आस्तिक मध्ये पडला म्हणून तो थांबला. म्हणजे एका बाजूला नाग जळतायत, दुसऱ्या बाजूला गोष्ट चालू आहे, आणि ऐकणारा राजा. तक्षकाच्या घरच्यांनी सांगितली असती, तर अग्नीची भूक तिच्यात आली असती का?

इंग्रजांच्या वेळी देव लागला नाही, कायदा पुरला. १८७८ च्या जंगल कायद्याआधी साहेबांमध्येच भांडण झालं. बेडन-पॉवेलचं म्हणणं, इथली पडीक नि जंगल जमीन पहिल्यापासून राजाचीच, लोक वापरतात ती त्याची मेहेरबानी. जंगल खात्याचा पहिला मोठा अधिकारी ब्रँडिस म्हणायचा, लोकांची वहिवाट आहे, ती मानली पाहिजे. कायदा बराचसा पहिल्याच्या बाजूने झाला. 'हक्क' शब्द गेला, 'सवलत' आली. सवलत देणारा ती कधीपण काढून घेतो. पुढे राबणाऱ्यालाच अतिक्रमणदार म्हणायला लागले. आजपण गार्ड तोच शब्द वापरतो, त्याला बेडन-पॉवेल कोण ते ठाऊक नसेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र सुरुवातीलाच लिहिलंय, की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. ही दुसरी गोष्ट आहे, नि ती कायद्याच्या पुस्तकात आहे! २००८ च्या नियमांत तेरावा नियम बघा. विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणं हे पुरावे आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणंसुद्धा पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. दंडाची पावतीच आणा, असा हट्ट वरच्या समितीला करता येत नाही.

तेव्हा आजोबा, साहेब मागत नसला तरी आपण गोष्ट द्यायची. पण ती नीट द्यायची. "आम्ही पूर्वीपासून इथेच" एवढ्यावर भागत नाही. पहिलं घर कुठे होतं, पाणी कुठल्या झऱ्याचं, वाघदेव कुठल्या झाडाखाली, कुणाला कुठे पुरलं, नांगर कुणी कधी धरला, हे सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. खाली त्याचं नाव, वय, सही किंवा अंगठा. म्हाताऱ्या बायांना विसरू नका, माहेर-सासर दोन्हीकडची शिवारं त्यांना पाठ असतात. समितीच्या पोरांनी जागेवर जाऊन बघायचं, नकाशावर खूण करायची आणि लिहिलेलं ग्रामसभेत मोठ्याने वाचायचं. कुणी म्हणालं "असं नव्हतं", तर तेपण लिहायचं. खोटं एक वाक्य सापडलं तर खरी दहा पडतात.

दोन पाड्यांच्या वह्या अजून कोऱ्याच आहेत. पावसाच्या आत त्या भरायच्यात.