पाणबुडीचा श्वास आणि अंबरनाथ

लोकल अंबरनाथला थांबली की आपल्याला आठवतं ते शके ९८२चं शिवमंदिर, नाहीतर औद्योगिक वसाहतीतली धुराडी. मी शेजारच्या बदलापूरचा. तरी याच गावात पाणबुडीचा श्वास लांबवण्याचं काम चालतं, हे मला फार उशिरा कळलं.

डिझेल पाणबुडीची बॅटरी उतरली की तिला हवेसाठी वर यावं लागतं आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडते. त्यावर अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फरिक आम्लाचा इंधन-घट तयार केला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, वीज मिळते आणि मागे उरतं पाणी. हायड्रोजनही पाणबुडीतच तयार करायचा. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली.

मेख आहे ती प्लॅटिनममध्ये. अशा घटात कार्बनवर प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण पसरलेले असतात. काम करतात ते फक्त पृष्ठभागावरचे अणू. आतले नुसतेच महागडे! गरम आम्लात हे कण हळूहळू सरकतात, एकमेकांना चिकटतात. उपम्यात रव्याच्या गुठळ्या व्हाव्यात तसे. वजन जवळपास तेवढंच राहतं, पण पृष्ठभाग घटतो आणि वीजही. तराजूला हे कळत नाही. त्यासाठी अणूच पाहावे लागतात.

अणू प्रथम दिसले ते ११ ऑक्टोबर १९५५ रोजी. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे अणू पाहिले. बहादुर यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला तरी भेटलं नाही. २०२१ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या चमूने इतकं स्पष्ट चित्र मिळवलं, की उरलेला धूसरपणा मुख्यतः अणूंच्या स्वतःच्या थरथरीचा होता.

पण असं चित्र मिळतं ते निर्वात जागेत, अतिशय पातळ नमुन्याचं. आमचे प्लॅटिनमचे कण असतात उकळत्या पाण्याहून तापलेल्या आम्लात. तिथे, काम चालू असताना अणू पाहणं अजून फार अवघड आहे. म्हणजे कण आधी पाहायचे, घट चालवायचा, मग पुन्हा पाहायचे आणि मधल्या काळात काय घडलं असेल ते ताडायचं.

३० डिसेंबर २०२४ रोजी ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. आता हे कण समुद्राखाली जायचे आहेत.