नखाएवढी चांदी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत. बँकेतल्या माणसाला मुदत पाळायची सवय असते, त्यामुळे काळजी नसावी. शिवाय मागे समोसे आलेत, त्याचा वास मलाही येतोय.

आज आपला रौप्यमहोत्सव. रौप्य म्हणजे चांदी, आणि आपला ‘रुपया’ हा शब्दही त्याच घरातला. तेव्हा आज चांदीच्याच एका तुकड्याची गोष्ट सांगतो. तो तुकडा नखाएवढा होता, वजन एक ग्रॅमसुद्धा भरलं नसतं. पण त्याने मला एक रात्र झोपू दिलं नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. तो सफोक नावाच्या परगण्यात राहतो. सगळा शेतीचा प्रदेश. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. रविवारी सकाळी हे गृहस्थ गमबूट घालून, कानाला हेडफोन लावून, हातात लांब दांड्याचं यंत्र घेऊन निघायचे. दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती. आमच्या सौ. म्हणाल्या, “बिचारे शेत झाडायला जातात की काय?”

ते यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की त्यात लहान प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र पकडतं. लोखंडाचा आवाज वेगळा, चांदीचा वेगळा. नाण्यासारखी लहान वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. मात्र शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी भल्याभल्यांना फसवते.

त्या भागात या छंदाला मोठा मान आहे, त्याला कारण आहे. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावलं. हातोडा शोधता शोधता लागलं रोमन काळातलं धन! सोन्याचांदीची सुमारे पंधरा हजार नाणी, शिवाय दागिने, चमचे. पण त्या मित्राचं मोठेपण पुढे आहे. पहिली नाणी दिसल्यावर तो सगळं उकरत बसला नाही. हात आवरला आणि कळवलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी येऊन नीट उत्खनन केलं, म्हणून ते धन लाकडी पेटीत कसं रचून ठेवलं होतं हेसुद्धा कळलं. सरकारने साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस दिलं. ते शेतकऱ्याबरोबर वाटून घ्यायचं त्याच्यावर कायद्याने बंधन नव्हतं, तरी त्याने वाटून घेतलं. आणि तो हातोडाही सापडला बरं का! तोही आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

पोस्टमनसाहेबांनी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि मला म्हणाले, चला एकदा. मी लगेच तयार. नऊ वर्षांचा नातूही निघाला. गाडीत त्यांनी नियम सांगितले. शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. संरक्षित स्थळाच्या वाऱ्यालाही जायचं नाही. खणलेला खड्डा बुजवायचा. काहीही सापडलं तरी आधी दाखवायचं, कारण शेतमालकाशी निम्म्याचा करार आहे, आणि सापडलं ती नेमकी जागा नोंदवायची आहे. मी मान डोलावली.

कापणी झालेलं गव्हाचं शेत, नुसते धांडे उरलेले. पहिल्या दीड तासात माझी कमाई म्हणजे तीन खिळे, बंदुकीच्या काडतुसाची दोन टोपणं, एक बटण आणि त्या फसव्या कड्या. कंबर बोलायला लागली. तेवढ्यात स्वच्छ, उंच आवाज आला. खुरप्याने माती सारली, बोटांनी चाळली, आणि हातात आला चांदीचा अर्धगोल तुकडा. त्यावर अर्धा क्रूस.

मध्ययुगात तिथे मुख्य नाणं एकच, चांदीची पेनी. सुट्टे हवे असले की पेनी सरळ कापायची. दोन तुकडे केले की अर्धी, चार केले की पाव. 1247 साली राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळात क्रूसाच्या भुजा नाण्याच्या कडेपर्यंत नेल्या, त्यामुळे कापायला रेघच मिळाली. आपल्याकडे अधेली, पावली होत्या, पण त्या टांकसाळीतून वेगळ्या पाडलेल्या. इथे अख्खी पेनी कापूनच अधेली! पावणेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती त्या शेतात हरवली असणार आणि संध्याकाळभर शोधली असणार.

पोस्टमनसाहेब शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो तुकडा पँटच्या खिशात टाकला.

मंडळी, मी चौतीस वर्षं बँकेत काढली. कॅश शॉर्ट आली तर स्वतःच्या खिशातून भरायची. जास्त आली तर खिशात घालायची नाही, वेगळ्या खात्यात जमा करायची. हे मी किती नवीन कॅशियर मुलांना शिकवलं असेल! आणि परक्या देशात, परक्याच्या शेतात माझाच हात खिशात गेला. किंमत म्हणाल तर फार नव्हती. पण लहानपणी आमच्या गावच्या पांढरीत, पहिल्या पावसानंतर मला एक शिवराई सापडली होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. ती मी लिमलेटच्या गोळ्यांवर घालवली. तेव्हापासून ती चुटपुट होती. वाटलं, हे तरी आपल्याजवळ राहू दे.

घरी येताना नातू गप्प होता. रात्री झोपताना त्याने हळूच विचारलं, “आजोबा, तुम्ही ते त्यांना का नाही दाखवलं?”

याला काय उत्तर देणार? रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी चहासुद्धा न घेता शेजारी गेलो, तुकडा टेबलावर ठेवला आणि खरं ते सांगितलं. गृहस्थ रागावले नाहीत. भिंगाखाली पाहून खूष झाले. मग वही काढली आणि विचारलं, “नेमका कुठे सापडला?”

मला सांगता येईना. शेत मोठं, सगळीकडे सारखे धांडे. संध्याकाळी तिघं परत गेलो. नातवाने एक ओक दाखवला, मी दुसरा. खड्डा तर मीच नियमाप्रमाणे बुजवला होता! शेवटी त्यांनी वहीत नुसतं शेताचं नाव लिहिलं. त्यांचा चेहरा उतरला तो तेव्हा. तिथे अशा वस्तूंची नोंद करणारी सरकारी योजना आहे. वजन, फोटो, जागा असं सगळं टिपून ठेवतात. अशा हजारो नोंदींवरून कुठे बाजार भरायचा, जुना रस्ता कुठून जायचा हे अभ्यासकांना कळतं. माझ्या तुकड्याची जागाच गेली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एंट्री आहे, पण व्हाउचर नाही. तुकडा मी परत केला, पण ती जागा काही परत करता आली नाही.

हे ऐकून कुणाला यंत्र मागवून गडावर फिरावंसं वाटेल, म्हणून हात जोडून सांगतो, तसं करू नका. संरक्षित स्मारकात खणणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गावाकडे घराचा पाया खणताना काही लागलं, तर हॉक्सनच्या त्या माणसासारखा हात आवरा आणि कळवा.

छंद मात्र घरबसल्याही करता येईल. आपल्या अठ्ठेचाळीस घरांत देवघरात, आजीच्या डब्यात कुठेतरी भोकाचा पैसा असेल, राणी छाप रुपया असेल. तो धुऊन घासू नका, पितांबरी तर लावूच नका, जुनेपण निघून जातं. एका कागदावर एवढंच लिहा: हे नाणं कुणाचं, कुठल्या गावचं, आपल्या घरात कसं आलं. माहीत असलेली माणसं आज इथे पुढच्या दोन रांगांत बसली आहेत. त्यांना याच आठवड्यात विचारा. कागद ऑफिसात आणून द्या, फाईल मी लावतो. पहिला कागद माझा असेल, शिवराईचा. नाणं नाही, पण जागा मला पक्की आठवते. गढीच्या पूर्वेला, पडक्या विहिरीपासून वीस पावलांवर.

माझी दहा मिनिटं संपली. समोसे गरम आहेत तोवर थांबतो.