विखुरलेल्या नोंदी, एकच यादी

दापोली तालुक्यात बागायतदाराची जमीन एका जागी सलग क्वचितच असते. आसूदला पोफळीची बाग, मुरूडला नारळ, आंजर्ल्याच्या बाजूस आंब्याची कलमे, अशी ती विखुरलेली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या भागातील बागा आडव्या केल्या. त्यानंतरचे पंचनामे गावनिहाय, तर भरपाई शेतकरीनिहाय आणि क्षेत्राच्या मर्यादेत द्यावयाची. अनेक ठिकाणच्या नोंदी एका यादीत आणणे हे म्हणूनच केवळ कारकुनी काम नव्हे. ते आता संगणकाकडे सोपविले जाते. पण संगणक सांगितले तेवढेच करतो.

समजा, एका शेतकऱ्याच्या नोंदी तीन गावांच्या तक्त्यांतून शोधावयाच्या आहेत. आज्ञावली एकेका गावाचा शोध घेते व मिळालेले उत्तर यादीत घालते. रिकामी यादी या फेऱ्यांच्या आधी एकदाच मांडावयाची असते. ती प्रत्येक फेरीत नव्याने मांडली गेली, तर आसूद व मुरूड पुसले जाऊन शेवटचे आंजर्ले तेवढे उरते. संगणक कसलीही तक्रार करीत नाही, यादीही नीटनेटकी दिसते!

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. एसक्यूएल या तक्त्यांच्या भाषेत उत्तरे जोडण्यास ‘युनियन’ व ‘युनियन ऑल’ अशा दोन आज्ञा आहेत. पहिली तंतोतंत सारख्या ओळींपैकी एकच ठेवते; दुसरी सर्व ठेवते. शोधात केवळ नाव व क्षेत्र मागितले आणि आसूद व मुरूड येथे दहा-दहा आरांचेच नुकसान असले, तर पहिल्या आज्ञेने वीस आरांचे दहा होतात. गाव, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर ओळीत घेतले की हे टळते. उलट ‘युनियन ऑल’ने दोनदा नोंदलेला एकच हिस्सा दोनदा मोजला जातो.

शेतकरी ओळखावा कशावरून, हा खरा अवघड प्रश्न. खाते क्रमांक प्रत्येक गावात वेगळा. नावे तर कोकणात एकाच वाडीत सारखी आढळतात. अलीकडे दिला जाणारा शेतकरी ओळख क्रमांक येथे उपयोगी पडतो. सामाईक सातबाऱ्यावर मात्र तोही पुरेसा नाही. तेथे प्रत्येक सहहिस्सेदारापुढे संपूर्ण क्षेत्र येते, आणि वाटा ठरवून लिहिल्याखेरीज बेरीज फुगते.

यादी मंजुरीस जाण्यापूर्वी प्रत्येक गावाच्या ओळी मोजून त्यांची बेरीज एकत्रित यादीशी ताडून पाहावी आणि फरकाची प्रत्येक ओळ हिस्सा नंबरासह गावच्या चावडीवर वाचून दाखवावी.