डोळ्याचे दार



गणपतीपुळ्याच्या गणपतीला आपण पश्चिमद्वारदेवता म्हणतो. समुद्राकडे तोंड करून तो दार राखीत बसला आहे, अशी आपली श्रद्धा. असाच एक राखणदार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आहे, तो म्हणजे डोळ्याची पापणी. मिनिटाला साधारण पंधरा वेळा ती मिटते, अश्रूंचा पातळ थर बुबुळावरून फिरवते आणि खारा वारा, धूळ, कचरा बाहेर ठेवते. डोळ्याचे दुखणे म्हटले की आपल्याला मोतीबिंदू तेवढा आठवतो. पण दार मोडले की आतले सामान सुरक्षित राहत नाही. पापणीचेही तसेच आहे, आणि हे दार दुरुस्त करता येते, हेच मला आज सांगायचे आहे.

आपल्या घरातल्या एखाद्या आजीबाईंच्या डोळ्यांना सारखे पाणी येते, उजेड सोसत नाही, डोळ्यात खडा गेल्यासारखे खुपते. जवळून पाहावे, तर पापणीचे केस आत वळलेले असतात. याला पडकेस म्हणतात. पूर्वी खुपऱ्यांच्या साथी फार. खुपऱ्या बऱ्या होताना पापणीला आतून व्रण पडे, व्रण आखडे आणि पापणीची कड आत ओढली जाई. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. तरी जुने व्रण राहतात, आणि म्हातारपणी कातडी सैल झाल्यानेही कड आत वळते. पुष्कळ घरांत चिमटा घेऊन केस उपटतात. पण काही आठवड्यांत तो पुन्हा उगवतो, खुंटासारखा टोचतो आणि बुबुळावर ओरखडे उठतात. ओरखड्याचे फूल झाले, की दृष्टी अधू होते.

यावरचा इलाज आपल्या देशाला नवा नाही बरे! सुश्रुतसंहितेत या रोगाला पक्ष्मकोप म्हटले आहे. पापणीच्या कातडीतून जवाएवढा तुकडा काढावा आणि कडा केसाने शिवाव्यात, म्हणजे आत वळलेली कड बाहेर येते, असे तिथे सांगितले आहे. आजच्या पद्धती निराळ्या असल्या तरी हेतू तोच, कड बाहेर वळवायची. पापणीला बधिर करण्याची सुई देतात आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो. “डोळ्याला सुरी लावली तर असलेली नजरही जाईल,” अशी भीती पुष्कळांना वाटते. तेव्हा लक्षात ठेवा, इथे सुरी पापणीवर चालते, बुबुळावर नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात एखादे पोर हनुवटी उचलून, कपाळाला आठ्या घालून फळ्याकडे पाहते. एक पापणी अर्धी मिटलेली. “झोपलास काय रे?” म्हणून आपण ओरडतो, मुले हसतात. त्या पोराची पापणी उचलणारा स्नायू जन्मापासून दुबळा असू शकतो. प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. नजर घडते ती पहिल्या सात-आठ वर्षांत. या काळात बाहुली झाकलेली राहिली, तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. मग पुढे पापणी उचलली तरी दृष्टी पुरती परत येईलच असे नाही. म्हणून “मोठा झाल्यावर बघू” हे वाक्य इथे महाग पडते. स्नायूत थोडा जोर असेल, तर तो आखूड करून घट्ट करतात. जोर नसेलच, तर मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी किंवा सिलिकॉनचा धागा कातडीखालून घालून पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग भुवई उचलली की पापणी उचलते. झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो, त्यासाठी मलम लागते. क्वचित पुन्हा शस्त्रक्रियाही करावी लागते. हे आईबापांनी आधी विचारून घ्यावे.

मात्र एक भेद ओळखा. धडधाकट माणसाच्या पापण्या सकाळी उठल्यावर अचानक जड झाल्या, दोन-दोन दिसू लागले, गिळता येईना, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. जमिनीवर झोपलेल्याला ती चावते आणि खूण दिसतेच असे नाही. अशा वेळी मांत्रिक नको, घरगुती औषध नको, तडक रुग्णालय गाठा.

पापणी मिटतच नसेल, तर तेही धोक्याचे. कुष्ठरोगाने किंवा तोंड वाकडे झाल्याने असे होते. उघडे बुबुळ सुकते, त्यावर जखम होते. अशा वेळी पापण्यांचे बाहेरचे टोक शिवून फट लहान करतात. वृद्धाच्या पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ आली, तर रांजणवाडी समजून शेकत बसू नका. ती कर्करोगाची असू शकते.

डोळ्याच्या खोबणीचे दुखणे त्याहून गंभीर. मुलाला ताप, पापणी सुजलेली आणि डोळा पुढे आलेला, एवढे दिसले की रात्र काढू नये. २०२१ साली काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केले, ते आपण पाहिले. जीव वाचवण्यासाठी काहींचा डोळा काढावा लागला. डोळा गेला तरी खोबण रिकामी ठेवू नये. कृत्रिम डोळ्याने दिसत नाही, पण चेहरा राहतो. लहान मुलांत तर खोबण भरलेली नसेल, तर चेहऱ्याची ती बाजू नीट वाढत नाही.

गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी साधारण पंचवीस किलोमीटर. तिथल्या जिल्हा रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात कुठे जायचे, ते तेच सांगतील. आणि गुरुजी, बाई, उद्या प्रार्थना झाली की हजेरी घेताना मुलांच्या डोळ्यांकडेही एकवार पाहा. हनुवटी वर करून पाहणारे पोर दिसले, तर शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा आणि त्याच्या आईबापांना भेटा. तुमच्या त्या एका फेरीत एक डोळा वाचेल.