नंबर कधी लागेल?

आज जामच्या चौकाजवळून बोलतोय. मागं ट्रकचे हॉर्न वाजत राहतील, सांभाळून घ्या.

बेसबॉलमध्ये ‘स्टार्टिंग पिचर’ असतो. संघाकडून पहिला चेंडू तोच टाकतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये त्याचा नंबर साधारण दर पाचव्या सामन्याला येतो. म्हणजे आपण कधी खेळणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. आपल्या विदर्भाच्या उमेश यादवला ही सोय कधीच नव्हती.

वडील कोळसा खाणीत कामगार. पोरानं पोलीस आणि सैन्य, दोन्हीकडं भरतीचा प्रयत्न केला; जमलं नाही. विशीपर्यंत टेनिस बॉलच. मग लेदर बॉल हातात आला आणि 2008 मध्ये थेट विदर्भाकडून रणजी! 2011 मध्ये कसोटी.

ऑक्टोबर 2018, हैदराबाद. हा जामचा हायवेच तिकडं जातो, बरं का! वेस्ट इंडिजविरुद्ध एका कसोटीत 10 बळी. मायदेशात असं करणारा कपिल देव आणि श्रीनाथनंतरचा तिसराच भारतीय वेगवान गोलंदाज. आणि पुढची कसोटी, ॲडलेडला? उमेश संघाबाहेर! त्यानंतर पर्थला परत आत. असं आत-बाहेर करत 57 कसोटी, 170 बळी.

तुमच्यातले कितीतरी जण आज भरतीच्या यादीत नाव शोधताहेत. यादी आपल्या हातात नाही. सकाळचं रनिंग मात्र आहे. नंबर लागेल त्या दिवशी अंग तयार पाहिजे, एवढंच.

भेटू पुढच्या भागात!