चाळिशीनंतरची तक्रार केसपेपरवर यावी

(भोर व वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. रजोनिवृत्ती हा पक्षाच्या अभ्यासवर्गाचा विषय आहे काय? आणि अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या बाईने त्यावर काय बोलावे? माझे उत्तर असे की, श्रम, शरीर आणि सरकारी खर्च ह्यांचा हिशेब जेथे एकत्र येतो तेथे अर्थशास्त्र आहेच. आणि ज्या दुःखाची दाद लागत नाही ते राजकारणाच्या कक्षेबाहेरचे नसते.

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, येथील पुरुष मुंबई-पुण्याकडे नोकरीला आणि शेती मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर, ही पिढ्यांची रीत आहे. आषाढात चिखलात वाकून भाताची लावणी करणारी बाई पुष्कळदा चाळिशी ओलांडलेली असते. ह्याच वयात पाळी मागेपुढे होऊ लागते. कधी दोन महिने येत नाही, कधी अतोनात जाते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, छाती धडधडते, सांधे धरतात, मन चिडचिडे होते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते आणि हा त्रास त्याआधीच काही वर्षे सुरू होऊ शकतो. डॉक्टर ह्या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. तो रोग नव्हे. परंतु रोग नाही म्हणून त्रासही नाही, हा तर्क चुकीचा आहे.

अशी बाई दवाखान्यात जाते तेव्हा काय होते? बहुधा दोनच गोष्टी होतात. एक तर 'वयाचे आहे, चालायचेच' असे म्हणून तिला शक्तीच्या गोळ्या देऊन वाटेला लावतात. नाही तर 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. वरवर ही दोन टोके परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे: बाईचे म्हणणे पुरते ऐकून घेतलेलेच नसते.

दुसऱ्या टोकाचा दारुण पुरावा बीड जिल्ह्याने दिला. २०१९ साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा झाला की मुकादमाचा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि डॉक्टरने घातलेली कर्करोगाची भीती, असा तो सापळा होता. शस्त्रक्रियेत बीजकोशही गेले तर जी स्थिती पन्नाशीकडे हळूहळू यावयाची ती तिशीतच एकदम कोसळते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

पहिल्या टोकाचा पुरावा जुना आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणे होते, विचारणारे कोणी नव्हते.

हे असे का होते? आपल्या आरोग्ययंत्रणेने स्त्रीकडे मुख्यतः माता म्हणून पाहिले. कुटुंबनियोजन, बाळंतपण, लसीकरण ह्यांची नोंदवही आहे, उद्दिष्टे आहेत. नसबंदी झाली की बाई त्या वहीतून जणू वजा होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही स्त्रियांची प्रश्नावली १५ ते ४९ वयापुरतीच असते. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, हा अर्थसंकल्पाचा साधा नियम आहे.

प्राथमिक केंद्रातील डॉक्टरला ह्यात खलनायक ठरवू नका. त्याच्यापुढे रांग असते आणि बाई लाजेने एवढेच म्हणते, 'अंग दुखतंय.' म्हणून पहिले काम आपले आहे. घरातल्या दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखा, किती दिवस गेली, झोप किती रात्री मोडली, ह्यांच्या खुणा तीन महिने करावयास सांगा. लिहिता येत नसेल तर सून किंवा लेक करील. तो कागद घेऊन, सोबतीला एक बाई देऊन तिला पाठवा, आणि तक्रार तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरा.

मग तीन प्रश्न विचारावयाचे. हा त्रास पाळी जाण्याच्या काळातला असू शकेल काय? रक्त कमी आहे काय, थायरॉइड किंवा रक्तदाबाचा दोष आहे काय, हे तपासले काय? शस्त्रक्रिया सुचवीत असाल तर तिच्याआधीचे कोणते उपाय करून पाहिले? राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेथे अतिरक्तस्राव 'वयाचा' म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले तर मात्र एक दिवसही न दवडता तपासणी झालीच पाहिजे.

कोणी म्हणेल, जेथे वेळेवर एस.टी. मिळत नाही तेथे हे चोचले कशाला? परंतु पंचेचाळिशीवरील स्त्रीच्या बाबतीत हे निदान मुख्यतः लक्षणे विचारून होते. महागड्या संप्रेरक-तपासण्या सहसा लागत नाहीत. खर्च आहे तो दहा मिनिटांचा. संप्रेरकांचे उपचारही सरसकट द्यावयाचे नसतात, तसे सरसकट नाकारावयाचेही नसतात. कोणाला चालतील हे डॉक्टरने समजावून सांगावयाचे असते.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात 'मासूम' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यकार्यकर्त्या केले. त्यांना तेथे 'सदाफुली' म्हणतात. लोकाधारित देखरेखीचा उपक्रमही २००७ साली पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यातील जनसुनवायांत गावकऱ्यांनी आरोग्यखात्याला जाब विचारला. ही वाट आपल्याला अपरिचित नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत आपण दोन मागण्या ठेवू. आठवड्यातून एक दिवस चाळिशीवरील स्त्रियांसाठी राखून ठेवावा आणि तेथे स्त्री-कर्मचारी हजर असावी. आणि ह्या तक्रारींची वेगळी नोंदवही ठेवून दर तिमाहीला तिचे आकडे गावापुढे मांडावेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातील अशा किती स्त्रियांची तक्रार केसपेपरवर आली, तो आकडा घेऊन यावे.