अंगणातील सावली

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा अंगण दुपारभर ओस पडते. घरातील वृद्धांचे तर तेच हिंडण्याफिरण्याचे ठिकाण; म्हणून अनेक गृहस्थ घाईने वर लोखंडी पत्रा घालतात. सावली मिळते खरी, परंतु तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकू लागतो. ताडपत्रीखालीही गरम हवा कोंडते. शिवाय आंधी उठली की ती शिडासारखी फुगून खांबांना हिसके देते.

त्यापेक्षा विणलेली हिरवी जाळी बरी. तिच्यातून हवा खेळते. ती ५०, ७५, ९० टक्के अशा प्रतींत मिळते. आकडा मोठा, तितके ऊन कमी. बैठकीवर ७५ टक्क्यांची पुरे. तुळशीवर मात्र दाट जाळी नको, बिचारी फिकट पडेल.

खरी गफलत होते ती दिशेची. तिसऱ्या प्रहरी सूर्य पश्चिमेस कलला की ऊन आच्छादनाखालूनच आत शिरते. तेथे वाळ्याचा पडदा हवा. तो ओला ठेवल्यास झुळूकही गार येते. जागा असल्यास द्राक्षाचा वेल चढवावा. थंडीत त्याची पाने गळतात आणि तिकडच्या बोचऱ्या हिवाळ्यात हवेहवेसे ऊन अंगणात उतरते.